घरशाळेचा अभ्यासक्रम आणि एक परकी भाषा: आम्ही कसं ठरवलं

मुलांना घरीच शिकवायचं ठरलं तेव्हा आमची मोठी सात वर्षांची होती आणि धाकटा पाच वर्षांचा. का ठरलं, तो विषय वेगळा. इथे त्यात शिरत नाही. ठरल्यावर आधी कायदा पाहून घेतला, आणि हे प्रत्येकाने करावंच, कारण देशागणिक नियम बदलतात. जर्मनीत मुलाला शाळेत घालणं बंधनकारक आहे. इंग्लंडच्या कायद्यात शाळेत किंवा अन्य मार्गाने शिक्षण देण्याची मुभा आहे. अमेरिकेच्या 50 ही राज्यांत घरशिक्षण कायदेशीर आहे, पण नोंदणीचे आणि चाचण्यांचे नियम राज्याराज्यांत निराळे आहेत. ते उरकलं आणि मग खऱ्या कामाला बसले: शिकवायचं कशातून?

वाचायला लागलं की पहिल्यांदा पद्धतींची नावं समोर येतात. मारिया माँटेसरींनी 1907 मध्ये रोममधल्या एका गरीब वस्तीत लहान मुलांची पहिली शाळा सुरू केली. त्यांचा भर मुलाच्या हातावर, मणी, ठोकळे, खरखरीत कागदाची अक्षरं यांवर. इंग्लंडच्या शार्लट मेसन (1842–1923) यांचा भर छोट्या धड्यांवर, रसाळ भाषेतल्या खऱ्या पुस्तकांवर आणि वाचलेलं मुलाने स्वतःच्या शब्दांत सांगण्यावर. रुडॉल्फ श्टाइनरांनी 1919 मध्ये श्टुटगार्टला काढलेल्या शाळेतून वॉल्डॉर्फ पद्धत आली. तिथे औपचारिक वाचन-लेखन सातव्या वर्षाच्या सुमाराला, त्याआधी गोष्टी, रंग, हस्तकला. व्याकरण, तर्क आणि वक्तृत्व अशा पायऱ्यांनी जाणारी अभिजात पद्धत आहे. आणि 1970 च्या दशकात जॉन होल्ट यांनी मांडलेला विचार आहे, की मुलाच्या कुतूहलामागून जावं, ठरीव अभ्यासक्रम ठेवूच नये.

रात्री वाचताना यातली प्रत्येक पद्धत पटते. म्हणून मी एक प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला: हे सकाळी कुणाच्या तोंडून शिकवलं जाणार आहे? अभ्यासक्रम निवडताना सगळे मुलाचा स्वभाव बघतात, मूल डोळ्याने शिकतं की कानाने याच्या चर्चा करतात. शिकवणारं माणूस कोण आहे हे मात्र क्वचितच कुणी विचारतं. घरशाळेत तेच माणूस रोज समोर असतं. ते आजारी पडतं, दमतं, त्याला काही विषय आवडतात आणि काही नाही. मला वाचून दाखवायला मनापासून आवडतं, आणि तास तासभर वाचू शकते. माझ्या नवऱ्याला हाताने वस्तू मांडून, उघडून, जोडून समजावता येतं. त्यामुळे वाचन, गोष्टी, इतिहास, निसर्ग माझ्याकडे, गणित त्याच्याकडे, आणि साहित्यही त्या त्या माणसाला पेलेल असंच घ्यायचं, एवढं पहिल्या आठवड्यात ठरलं. बाकीचं यातून उलगडत गेलं.

सगळे विषय एकत्र असलेले तयार संच मिळतात. त्यात रोजचं वेळापत्रक असतं, पालकाने कुठलं वाक्य बोलायचं तेही लिहिलेलं असतं. ज्यांच्या हाताशी वेळ थोडा आहे किंवा जे पहिल्यांदाच शिकवताहेत त्यांना त्याचा मोठा आधार होतो, आणि तो कमी लेखण्यासारखा नाही. पण दोन मुलं दोन वेगळ्या इयत्तांची असली की दोन संच लागतात, म्हणजे दोन वेळापत्रकं, दोन इतिहास, दोन विज्ञानं. आम्ही विषयांचेच दोन ढीग केले. गणित आणि वाचन हे पायरीपायरीने चढायचे विषय. खालची पायरी कच्ची राहिली तर वरची डळमळते, म्हणून ते प्रत्येकाचे स्वतंत्र. इतिहास, भूगोल, प्राणी-वनस्पती, गोष्टी यांना तसा सक्तीचा क्रम नाही. सात वर्षांच्या मुलीने आणि पाच वर्षांच्या मुलाने एकाच वेळी गोगलगाय शिकली तर बिघडत नाही. तो चित्र काढतो, ती चार वाक्यं लिहिते. या एका विभागणीने रोजचं काम निम्म्यावर आलं.

विकत घेण्याआधी नमुना धडे करून बघितले. बहुतेक प्रकाशक काही पानं मोफत देतात, आणि ती नुसती चाळायची नसतात. मुलाला समोर बसवून खरोखर शिकवून बघायची असतात. मी तीन गोष्टी टिपत होते. धड्याआधी मला किती तयारी करावी लागते. धडा संपल्यावर मुलाला काय सांगता येतं. आणि घरात कुणी तापाने पडलेलं असताना हाच धडा होईल का. तिसऱ्या प्रश्नाने बरीच देखणी पुस्तकं बाजूला पडली. एका विज्ञानाच्या पुस्तकात दर धड्याला वेगळं सामान जमवायचं होतं. प्रयोग सुरेख होते, पण ते पुस्तक आमच्या घरात महिनाभरही टिकलं नसतं.

सांगून दाखवण्याची मेसनबाईंची रीत मात्र पहिल्याच आठवड्यात घरात रुजली. गोगलगायीवरची दोन पानं वाचून मी पुस्तक मिटलं आणि मोठीला म्हटलं, "सांग बघू." ती जरा थांबली, मग म्हणाली, "तिला दात असतात, पण तोंडात नाही, जिभेवर. म्हणून ती पान चावत नाही, किसते." धाकटा लगेच जीभ बाहेर काढून वहीचं पान किसायला लागला. प्रश्नपत्रिका काढली असती तर 'गोगलगायीला किती शिंगं असतात' असं काहीतरी विचारलं गेलं असतं आणि हे वाक्य कधी बाहेर आलंच नसतं. तिच्या डोक्यात काय गेलं आणि कसं गेलं, ते एका वाक्यात मला ऐकू आलं. आजही इतिहास-विज्ञानाला आमच्याकडे वेगळी चाचणी नाही, सांगणं हीच चाचणी.

गणिताची पुस्तकं मुख्यतः दोन प्रकारांनी रचलेली असतात. एकात प्रत्येक संकल्पना पुन्हा पुन्हा थोडी थोडी येते, दुसऱ्यात एकच संकल्पना पक्की होईपर्यंत पुढे जात नाहीत. नवऱ्याने दुसरा प्रकार निवडला, कारण मध्येच विषय बदलला की समजावण्याचा त्याचा धागा तुटतो. त्यातही वस्तू, मग चित्र, मग आकडे असा क्रम असलेलं पुस्तक घेतलं. सिंगापूरच्या शालेय गणितातून ही त्रिसूत्री जगभर गेली. तिच्या मुळाशी जेरोम ब्रूनर या मानसशास्त्रज्ञाचा विचार आहे. पुस्तक वयावरून घेऊ नये, मूल कुठल्या पातळीवर आहे ते दाखवणाऱ्या चाचणीवरून घ्यावं, हे मी आग्रहाने सांगेन. मोठीची बेरीज वयापेक्षा पुढे होती, पण स्थानिक किंमत कच्ची होती. आम्ही एक पातळी खालचं पुस्तक आणलं. पहिले काही धडे तिने भराभर संपवले आणि जिथे अडणार होतं तिथे बरोबर अडली.

42 मधून 17 वजा. टेबलावर काड्यांचे चार गठ्ठे, प्रत्येकात दहा, आणि दोन सुट्या. सात काढायच्या तर सुट्या दोनच. ती बराच वेळ त्या दोन काड्यांकडे बघत राहिली. नवरा काही बोलला नाही. मग तिने विचारलं, "बाबा, गठ्ठा सोडला तर चालेल?" रबर निघालं, दहा काड्या पसरल्या, बारा सुट्या झाल्या. कागदावर 'हातचा घेणे' आलं ते त्यानंतर पुष्कळ दिवसांनी, आणि तेव्हा ते तिला शिकवावं लागलं नाही.

वाचनात निर्णय सोपा होता. घरात मराठी बोललं जातं, म्हणून देवनागरी आधी. जसं दिसतं तसं वाचता येणारी लिपी मुलाला फार लवकर आत्मविश्वास देते. इंग्रजीत अक्षरं 26 आणि ध्वनी सुमारे 44, तेव्हा ते कोडं दुसऱ्या क्रमांकावर ठेवलं आणि मराठी वाचन घडघड होईपर्यंत इंग्रजी नुसती कानावर पडू दिली.

आता परक्या भाषेकडे येते, कारण सगळ्यात जास्त विचार तिथेच झाला.

लहानपणी सुरू केलं नाही तर संधी गेली, ही भीती पालकांच्या मनात पक्की बसलेली असते. ती माझ्याही मनात होती, म्हणून संशोधन काय सांगतं ते शोधलं. कॅथरीन स्नो आणि मारियान हूफ्नाखेल-हूले यांनी 1978 मध्ये नेदरलंड्समध्ये डच शिकणाऱ्या इंग्रजी भाषकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात सुरुवातीच्या महिन्यांत सर्वांत वेगाने शिकले ते 12 ते 15 वर्षांचे, चिमुकले नव्हेत. 2018 मध्ये हार्टशोर्न, टेनेनबॉम आणि पिंकर यांनी सुमारे 6,70,000 लोकांच्या उत्तरांवरून दाखवलं की व्याकरण आत्मसात करण्याची क्षमता सतरा-अठरा वर्षांपर्यंत चांगली टिकते. उच्चारांची गोष्ट निराळी. तिथे लहान वयाचा फायदा खरा आहे. हे वाचल्यावर माझी घाई संपली. पाचव्या-सातव्या वर्षी परकी भाषा घ्यायची ती कानासाठी, जिभेसाठी आणि आनंदासाठी. व्याकरणाला पुढे भरपूर वर्षं आहेत.

दुसरी शंका सासूबाईंनी काढली. "अगं, आधी आपली भाषा तरी धड येऊ दे मुलांना. नाहीतर ना धड ही ना धड ती." म्हातारं माणूस बोलतं म्हणून सोडून देण्यासारखी ही शंका नव्हती. मी त्यांना कॅनडातल्या क्वेबेकमधल्या सेंट लॅम्बर्टची हकिगत सांगितली. तिथे 1965 मध्ये इंग्रजी बोलणाऱ्या घरांतल्या मुलांना बालवर्गापासून फ्रेंचमधून शिकवायला सुरुवात झाली आणि वॉलेस लॅम्बर्ट, रिचर्ड टकर यांनी त्यांची प्रगती वर्षानुवर्षं तपासली. मुलं फ्रेंचमध्ये पुढे गेली आणि इंग्रजीही मागे पडली नाही. पण त्या मुलांच्या घरी, रस्त्यात, सगळीकडे इंग्रजी होतीच. म्हणून सासूबाईंचा मुद्दा मी नियमात घातला: रात्रीची गोष्ट कायम मराठीतच, आणि शक्य असेल तेव्हा ती त्यांनीच सांगायची. तो नियम आजवर पाळला गेला आहे.

मग भाषा कुठली? फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश, जपानी अशी यादी होती. कठीण-सोप्याचे तक्ते पाहिले. अमेरिकेची परराष्ट्र सेवा प्रशिक्षण संस्था जपानी भाषेला साधारण 2200 तास धरते, आणि स्पॅनिशला त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. पण तो हिशेब इंग्रजी मातृभाषा असलेल्या प्रौढांचा आहे, मराठी घरातल्या मुलांना तो जसाच्या तसा लावता येत नाही. जपानी वाक्यात क्रियापद शेवटी येतं, आपल्यासारखंच. आपण नामाला मागून 'ला', 'त', 'हून' लावतो, तसंच तेही मागूनच लावतात. जर्मन घेतली तर तीन लिंगं, आणि निर्जीव वस्तूलाही लिंग असतं हे मराठी मुलाला नवं नाही. प्रत्येक भाषेत आपल्या मुलांना काहीतरी ओळखीचं सापडतंच, तेव्हा सोपेपणावरून निवड होणार नव्हती.

ती झाली माणसावरून. माझी नणंद जपानी शिकलेली आहे, कामातही रोज वापरते, आणि तिचा मुलांवर जीव आहे. दुसऱ्या कुठल्याच भाषेसाठी आमच्याकडे असं माणूस नव्हतं.

माणूस असण्याला इतकं महत्त्व का, याचंही कारण आहे. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या पॅट्रिशिया कूल आणि सहकाऱ्यांनी 2003 मध्ये नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. चिनी बोलणारी माणसं 12 बैठकांत बाळांशी समोरासमोर खेळली, आणि बाळांना चिनीतले बारीक ध्वनिभेद ओळखता येऊ लागले. तेच बोलणं चित्रफितीवरून किंवा नुसत्या आवाजातून दिलं, तेव्हा काही फरक पडला नाही. 2014 मध्ये रोझबेरी, हर्श-पासेक आणि गोलिंकॉफ यांच्या प्रयोगात दोन ते अडीच वर्षांच्या मुलांनी प्रत्यक्ष चाललेल्या व्हिडिओ कॉलवरून नवे शब्द उचलले, आधी ध्वनिमुद्रित केलेल्यावरून नाही. पडद्यावरचं माणूस मुलाच्या हालचालीला उत्तर देतं की नाही, यावर सगळं अवलंबून. माझी मुलं त्या बाळांपेक्षा मोठी आहेत, तरी आत्या पलीकडच्या गावाहून व्हिडिओ कॉलवर शिकवणार होती, त्यामुळे हे वाचून माझा जीव भांड्यात पडला. भाषा शिकवणारी अ‍ॅप मात्र आम्ही मुख्य साधन म्हणून घेतली नाहीत; कॉल नसेल त्या दिवशी गाणी ऐकायला म्हणून ठेवली.

पहिल्या कॉलच्या आधी आत्याने विचारलं, "वहिनी, तेवढा वेळ मी मराठी बोललेच नाही तर चालेल?" मी हो म्हटलं. ती उभी राहिली आणि म्हणाली, "तत्ते." मुलं बघत राहिली. ती बसली, "सुवत्ते." पुन्हा उभी, पुन्हा बसली. तिसऱ्या वेळी धाकटा उठला. मग "तोंदे" आलं आणि दोघं पलंगावर उड्या मारायला लागली. ऐकून कृती करायची आणि बोलण्याची सक्ती नाही, ही जेम्स अ‍ॅशर यांची पद्धत. 1960 च्या दशकात त्यांनी तिचे पहिले प्रयोग केले ते जपानी भाषेवरच. पुष्कळ आठवडे मुलं काही बोललीच नाहीत, नुसती उठली, बसली, वळली, धावली. आत्याने एकदाही "म्हण बघू" म्हटलं नाही. तिच्या या धीराबद्दल मला तिचं फार कौतुक वाटतं, कारण बाजूला बसून गप्प राहणं मला सोपं जात नव्हतं. बोलायला लागली ती धाकट्याने आत्यालाच "सुवत्ते" असा हुकूम सोडल्यापासून.

उच्चारांत मराठीचा उपयोग झाला. जपानी 'त्सु' आपल्या 'चूक'मधल्या 'चू'च्या इतका जवळ आहे की मुलांना तो शिकवावा लागला नाही.

आणि मग गणित आणि भाषा एकमेकांना भेटली, जे मी कुठल्याच वेळापत्रकात लिहिलं नव्हतं. मोठीला मराठीत 'त्रेपन्न' सांगितलं की ती 35 लिहायची. चूक तर्काला धरून होती: ऐकताना तीन आधी येतो, पन्नास नंतर. चौसष्टचं 46 व्हायचं, एकोणचाळीस तर नुसतंच पाठ करायचं. आत्या तिला काड्या मोजायला लावत होती. जपानीत 53 म्हणजे 'गोजूसान': पाच, दहा, तीन. मुलीने पाच गठ्ठे आणि तीन काड्या उचलून कॅमेऱ्यासमोर धरल्या आणि तोच क्रम म्हटला. दुसऱ्या दिवशी बाबाच्या तासाला 'त्रेपन्न' ऐकल्यावर ती पुटपुटली, "गोजूसान," आणि 53 लिहिलं. मराठी अंक तिने नंतर पक्के केलेच, ते यायलाच हवेत. पण स्थानिक किंमत तिला समजली ती दोन भाषांच्या मध्ये.

वस्तूच्या आकारानुसार मोजणीही बदलते, हे धाकट्याला फार आवडलं. काड्यांसारख्या लांब वस्तू इप्पोन, निहोन, सानबोन. कागदासारख्या पातळ वस्तू इचिमाई, निमाई, सानमाई. आता घरातली प्रत्येक वस्तू लांब की पातळ, यावर दोघांचे वाद होतात. पट्टी नेमकी कशात, यावर आत्याला संध्याकाळी वेगळा फोन लावावा लागला.

लिपीला आम्ही वर्षभर हात लावला नाही. जपानीत उच्चारानुसार लिहायच्या दोन लिप्या आहेत: हिरागानाची मूळ अक्षरं 46, काताकानाची तेवढीच, आणि त्यापुढे रोजच्या वापरासाठी ठरवलेल्या 2136 कांजी, म्हणजे चिनीतून आलेली अर्थवाहक चिन्हं. जपानमधलं मूल पहिलीच्या वर्षात 80 कांजी शिकतं, तेही चोवीस तास ती भाषा अवतीभवती असताना. आमच्या अपेक्षा त्याहून पुष्कळ खाली असायला हव्यात, हे त्या एका आकड्याने स्पष्ट झालं. मोठीचं मराठी वाचन सुरळीत झाल्यावर हिरागाना काढला, तेव्हा मलाच मौज वाटली. अ, इ, उ, ए, ओ, मग 'क'ची ओळ, शेवटाकडे य, र, व. हा क्रम बौद्ध धर्माबरोबर भारतातून गेलेल्या सिद्धम् लिपीच्या अभ्यासातून तिथे रुजला. बाराखडी म्हटलेल्या मुलीला तो तक्ता परका वाटला नाही. 'क'ची ओळ बघून ती आपणहून पुढची ओळ म्हणायला लागली आणि 'च' ऐवजी 'स' आला तेव्हा थबकली.

सध्या आठवड्याची घडी अशी आहे. गणित आणि मराठी वाचन रोज, पण थोडा वेळ. धाकट्याचा धडा वीस मिनिटांपुढे जात नाही. इतिहास आणि निसर्ग आलटून पालटून, दोघांना एकत्र. आत्याचा कॉल आठवड्यातून काही वेळा, तिच्या सोयीने, आणि तिला कामामुळे जमलं नाही त्या आठवड्यात मुलं आपापसात हुकूम सोडत बसतात. मोठीला आता इंग्रजी वाचन सुरू करायचं आहे. ते हिरागानाबरोबर एकाच वेळी घ्यावं की तक्ता पुरा होऊ द्यावा, यावर नवऱ्याचं आणि माझं एकमत झालेलं नाही. तो म्हणतो दोन्ही चालतील. मला एका वेळी एकच नवी लिपी बरी वाटते, निदान धाकटा देवनागरी वाचायला लागेपर्यंत तरी, कारण दोघांच्या मिळून तीन लिप्या एकाच टेबलावर सांभाळायच्या त्या मला आहेत.